ताईंचा पहिला नंबर

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नातवाच्या पाळण्यात सर्किट बोर्ड झोपवणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा हे माझ्या पत्रिकेतच असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, हा नवरा दिग्रसला राहतो. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर, इतर माणसं ज्या वयात गुडघ्यांकडे लक्ष देतात त्या वयात, त्यांनी जुन्या व्हिडिओ गेमचे बोर्ड दुरुस्त करून जपायला घेतले. पूर्वी बसस्टँडजवळच्या अंधाऱ्या खोल्यांत नाणं टाकून खेळायची कपाटाएवढी मशीनं असत, त्यांच्या पोटातल्या या हिरव्या पाट्या. मोबाइल आले, खोल्या बंद पडल्या, मशीनं भंगारात निघाली. हे कळलं तेव्हा कोणीतरी गावाचे सातबारे पेटवून दिल्यासारखा साडभाऊंचा चेहरा झाला होता. "रेकॉर्ड नष्ट करासाठी नसते, साडभाऊ," ते मला म्हणाले. आम्ही दोघंही एकमेकांना साडभाऊच म्हणतो. नातू पुण्याला असल्यामुळे पाळणा रिकामाच होता, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

त्यांच्याकडे आलेला प्रत्येक बोर्ड लाल कापडात बांधून, वर चिठ्ठी लावून मांडणीवर चढतो. त्याआधी त्याची आवक नोंदवहीत पडते. कुठून आला, कोणत्या अवस्थेत आला, आणि 'सोबत आढळलेल्या वस्तू' असा एक रकाना. त्यात मी स्वतः 'झुरळे, मृत, सात. झुरळ, जिवंत, एक, पळाले' अशी नोंद वाचली आहे. मुकुटबनच्या एका माणसाने बंद पडलेल्या मशीनच्या पेटीचं कोंबड्यांसाठी खुराडं केलं होतं. हे कळल्याबरोबर साडभाऊ एसटीने तिथे पोचले. पेटीत बोर्ड शाबूत होता, पण त्याच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मालक म्हणाला, "तिले उठवू नोका, मंग थे पुन्हा बसत नाही." साडभाऊंनी कायद्यानुसार ताबा कोंबडीचा आहे हे मान्य केलं, परत आले, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. मधल्या काळात दोनदा फोन करून त्यांनी कोंबडीची प्रकृती विचारली. तो बोर्ड आज सुरू आहे, फक्त गरम झाला की किंचित वास येतो.

दुरुस्तीची त्यांची पद्धत डॉक्टरची कमी आणि आजीची जास्त. बोर्ड आला की आधी त्याला आंघोळ. कोमट पाणी, बाळाचा साबण आणि दातांचा मऊ ब्रश. मग गच्चीवर, ताईंच्या कुरडयांच्या शेजारी, त्याच जुन्या साडीवर तो वाळत पडतो. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन असलं की दोन्ही एकाच वेळी तयार होतात. शेजारच्या काकूंनी एकदा काठीने कावळे हाकता हाकता विचारलं होतं, "हे हिरवे कोणत्या डाळीचे व?" वाळलेल्या बोर्डला वीज दिली की साडभाऊ एकेका चिपच्या पाठीवर बोट टेकवून ताप बघतात. बोट भाजलं की ते समाधानाने मान हलवतात. "हे पाहा, याले ताप आहे. बाकीचे नुसते याच्यापायी चूप बसून राह्यले."

या बोटं भाजण्यावरून आठवलं. एकदा विजेचा मोठा झटका बसला आणि साडभाऊ थेट गव्हाच्या कोठीवर जाऊन आदळले. ताई स्वयंपाकघरात होत्या, त्यांना वाटलं मांजर असेल. दुसऱ्या दिवशी भिंतीवर टंकलिखित परिपत्रक लागलं. कोणत्याही खोलीतून 'आई गं' असा आवाज आल्यास घरात हजर असलेल्या व्यक्तीने कोणतीही विचारपूस न करता मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही तत्काळ बंद करावेत. खाली सही. ताईंनी ते वाचलं आणि त्या दिवसापासून तंतोतंत पाळलं. मला चेष्टा सुचली होती, पण ताईंचा चेहरा पाहून मी ती गिळली.

एवढ्या सगळ्या पसाऱ्यात पूर्ण मशीन मात्र एकच, आणि ते बैठकीत, जिथे लोकांकडे टीव्ही असतो तिथे. त्याची हकीकत अशी. लग्नानंतर आठच दिवसांनी साडभाऊंनी नव्या नवरीला देवीच्या दर्शनाला म्हणून घरातून बाहेर काढलं आणि व्हिडिओ गेमच्या खोलीत नेलं. हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर, अशा अवस्थेत ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा तो विमानांचा खेळ खेळला, आणि दिग्रसमधल्या एकूण एक पोरांच्या वर त्यांचा नंबर लागला. साडभाऊंचा दुसरा. पडद्यावर ताईंच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं सगळ्यात वर चमकायला लागली. तो नंबर पुढे कोणालाच मोडता आला नाही, आणि ती खोली बंद पडली तेव्हा साडभाऊंनी ते मशीन जसंच्या तसं उचलून आणलं. नंबरांची ती यादी बोर्डावरच्या एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकून होती. बॅटरी भरावी म्हणून दर शनिवारी तासभर ते मशीन सुरू करायचे आणि समोर खुर्ची टाकून नुसते बसायचे. एवढ्या वर्षांत त्या मशीनवर ते एकदाही खेळले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रेकॉर्डरूमचा माणूस रेकॉर्डवर सोता काही लिहीत नसते." ताईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "पहिला नंबर बायकोचा आला, थे अजून पोटात दुखून राह्यलं यायच्या."

गेल्या वर्षी ती बॅटरी पाझरायला लागली. हिरवट पाणी बोर्डाच्या बारीक रेषा खात निघालं. बॅटरी ठेवली तर बोर्ड मरणार, काढली तर ताईंचा नंबर पुसला जाणार. साडभाऊंचं जेवण कमी झालं. मी म्हटलं, फोटो काढून ठेवा. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नक्कल वेगळी, मूळ वेगळं, साडभाऊ. एवढं तं शिपायालेही समजते." शेवटी त्यांनी तोड काढली. मशीन सुरू ठेवायचं, म्हणजे यादी विजेवर जिवंत राहील, आणि तेवढ्यात जुनी बॅटरी काढून, जागा पुसून नवी बसवायची. त्यासाठी वीज कधी जात नाही याचं त्यांनी महिनाभर टिपण ठेवलं, वर शंका नको म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलं, आणि टॉर्च धरायला मला यवतमाळहून बोलावून घेतलं. मी आणि माझी बायको रविवारी सकाळच्या बसने गेलो. या कामाला मी कसा लायक ठरलो हे मला आजही कळलेलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. जुनी बॅटरी निघाली. साडभाऊंनी कापसाने जागा पुसली, नवी बॅटरी चिमट्यात धरली, आणि मी जरा नीट दिसावं म्हणून पुढे वाकून टेबलावर हात टेकला. तिथे तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं.

"आई गं!" मी ओरडलो.

परिपत्रकात ओरडणारा कोण असावा हे लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातून ताई वाऱ्यासारख्या आल्या, मेन खाली, इन्व्हर्टर बंद. पंखा थांबला, पडदा काळा झाला. चिमट्यातली बॅटरी साडभाऊंच्या हातात तशीच राहिली.

मग साडभाऊंनी शांतपणे नवी बॅटरी बसवली, वीज सुरू केली. यादी आली. वरपासून खालपर्यंत दहा शून्यं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई दारातच खाली बसल्या. "माह्याच हातानं गेलं, बाप्पा."

"तू नियमानं वागली," साडभाऊ म्हणाले. "परिपत्रक मीच काढलं होतं." पण या माणसाला मी पहिल्यांदा चष्मा काढून डोळे पुसताना पाहिलं.

"मले वाटे, तुम्ही मले हरवासाठी ठेवलं थे मशीन."

"हरवाचं असतं तं खेळलो नसतो? माहा नंबर वर गेला असता तं तू खाली गेली असती. म्हणून तं हात नाही लावला कधी."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "सरका." चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्या खेळायला उभ्या राहिल्या. तीन विमानं होती, तिन्ही दीड मिनिटात पडली. मधल्या एका विमानाने तर, माझ्या मते, स्वतःहून जीव दिला. पण बाकी सगळी शून्यं असल्यामुळे ताईंची तीन अक्षरं पुन्हा सगळ्यात वर चढली.

"आता तुम्ही खेळा," त्या म्हणाल्या. "मले काही खरं नाही वाटत तुमचं."

साडभाऊ समोर उभे राहिले. दुरुस्त झालेला बोर्ड तपासताना हा माणूस चहा पिता पिता एका हाताने अर्धा अर्धा तास खेळतो. त्यांनी दांडा धरला, आणि विमान मधोमध उभं ठेवलं. गोळ्या आल्या, विमान गेलं. दुसरं उभं ठेवलं, तेही गेलं.

"हालवा नं थे!" ताई ओरडल्या.

"हालून नाही राह्यलं," साडभाऊ म्हणाले. "वय झालं माहं." तिसऱ्या विमानाने चुकून कोणाला तरी पाडलं, तेव्हा त्यांनी घाईने दांडा सोडूनच दिला. दुसऱ्या ओळीत त्यांची अक्षरं आली. ताईंनी साडभाऊंच्या खांद्यावर पडलेला कापूस उचलला आणि आम्हाला सगळ्यांना जेवायला वाढलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या बोटाला पट्टी होती आणि बायको खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी मुद्दाम हरले नं?"

"हो."

"तुम्ही कधी हरले जी माह्यासाठी?"

मी आठवायला लागलो. वाटेतली आर्णी आली तरी मला एकही प्रसंग सापडला नव्हता. शेवटी खोटं तरी सांगावं म्हणून तिच्याकडे वळलो, तर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली होती.