साडूभाऊंचं ‘म्हणे’

पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत खोटी बातमी कुणाला टरकून असेल, तर ती फक्त आमच्या साडूभाऊंना, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या मेहुणीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, एकही वाक्य त्यांनी लग्नापासून तपासल्याशिवाय घरात घेतलेलं नाही. “खालच्या मजल्यावरचे भांडले,” असं ती म्हणाली, की पेपरातून मान वर न करता हे विचारणार, “म्हणे लावायचं का?” तिने स्वतः ऐकलं असेल तर नाही लावायचं, कामवालीने सांगितलं असेल तर लावायचं. ‘म्हणे’ हा मराठीचा सर्वांत मोठा दागिना आहे असं त्यांचं मत, आणि तो न घालता हिंडणारी बातमी त्यांना उघडीबोडकी वाटे.

पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटाशी चहाची टपरी आहे, तिथे सकाळी हे तपासणीचं काम चाले. साडूभाऊ एका पक्षाचे कट्टर. त्या पक्षाची तळी उचलणारी एक वेबसाइट होती, ती ते देवपूजेच्या आधी उघडत. समोर बसत कांबळे, मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि राजकारणात बरोबर उलट्या टोकाचे. कांबळ्यांनी त्यांच्या बाजूच्या वेबसाइटवरचा लेख पुढे केला, की साडूभाऊ तो खणखणीत आवाजात वाचत. “जनता संतापली आहे म्हणे. मंत्र्यांची झोप उडाली म्हणे. कोण म्हणे? सूत्रं म्हणे. या सूत्राला काही आडनाव नाही का रे?” आडनाव सापडलं नाही की लेख बाद. “तुझ्यावाल्याला पण लाव ना,” कांबळे डिवचत, आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून साडूभाऊ स्वतःच्या लाडक्या वेबसाइटलाही म्हणे लावत. मला म्हणायचे, “आपल्यावाल्यांना जरा जास्तच विचारावं. त्यांचं खरं मानायला आपण आधीच टपलेले असतो.”

सोसायटीमागचं छोटं मैदान बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून कांबळे दारोदार सह्या गोळा करत होते. एके दिवशी साडूभाऊंच्या त्या लाडक्या वेबसाइटवर लेख झळकला: मैदान वाचवणाराच आतून बिल्डरचा माणूस. सोबत फोटो, कांबळे आणि एक बिल्डर हातात हात घालून खदखदा हसताहेत. दुपारपर्यंत तो प्रत्येकाच्या फोनवर होता. ज्यांनी सह्या दिल्या होत्या ते कांबळ्यांना बघून रस्ता बदलू लागले, आणि कांबळ्यांनी टपरीवर येणं सोडलं. आयुष्यभर कमावलेलं नाव असं एका फोटोत गेलं.

साडूभाऊंनी लेखाला ओळीओळीला म्हणे लावलं आणि फोटोपाशी येऊन अडकले. “फोटोला म्हणे लागत नाही रे,” ते मला पडेल आवाजात म्हणाले. मग दोन बोटांनी तो मोठा करत बसले. फोटोच्या अगदी कडेला कापलेलं एक कोपर दिसत होतं. गडद जांभळं.

त्या जांभळ्या कोटाचा इतिहास घरात सगळ्यांना पाठ आहे. मुलीच्या रिसेप्शनसाठी साडूभाऊंनी तो हट्टाने शिवून घेतला होता, आणि व्याह्यांनी त्यांना बँडवाला समजून “जरा हळू वाजवा” असं सांगितलं होतं.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये मैदानाबद्दल मीटिंग होती. मे महिन्याचा उकाडा, लोक वह्यांनी वारा घेत होते, आणि साडूभाऊ तो कोट गळ्यापर्यंत बटणं लावून अवतरले. एका हाताने कांबळ्यांना घरातून ओढून आणलेलं, दुसऱ्या हातात फोन. “हे कोपर कुणाचं?” त्यांनी विचारलं. मग स्वतःचं कोपर वर करून दाखवलं. “फोटो माझ्या मुलीच्या रिसेप्शनचा. तो बिल्डर माझ्या व्याह्यांचा पाहुणा. ह्या दोघांची ओळख मी करून दिली, आणि हसले ते माझ्या कोटाला. इथे म्हणे लावायचं नाही. मी शेजारीच उभा होतो.”

मागून त्यांच्याच पक्षाचा एक जण म्हणाला, “काका, पण वेबसाइट आपली आहे ना?”

“कोपर पण आपलंच आहे,” साडूभाऊ म्हणाले.

“काढ आता तो कोट, घामाने वाट लागलीय तुझी,” कांबळे म्हणाले, आणि स्वतःच त्याचं वरचं बटण सोडवायला लागले. सह्या पुन्हा सुरू झाल्या. वेबसाइटने मात्र साडूभाऊंनी पाठवलेल्या खुलाशाला उत्तर दिलं नाही, आणि ज्या पक्षासाठी त्यांनी तरुणपणी भिंती रंगवल्या त्याच पक्षाच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं. पुढे कित्येक दिवस चहा पिताना ते सवयीने फोन उघडत आणि तसाच बंद करत. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे.

आता सोसायटीतली त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे आणि ते बोरिवलीला भाड्याने राहतात. फोन उचलायचा त्यांना कंटाळा. टपरीवर मी आणि कांबळे उरलो आहोत. चहा तोच आहे, पण बातम्या हल्ली कुणी न तपासताच घशाखाली जातात.

काल बायको बहिणीशी फोनवर बोलली, ते मी आज सकाळी टपरीवर सांगितलं. “साडूभाऊंना जरा बरं नव्हतं. आता ठणठणीत आहेत म्हणे.”

कांबळ्यांनी ग्लास खाली ठेवला. “कोण म्हणे?”

“त्यांची बायको.”

“ती तसंच सांगणार. तू बघितलंस?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग ऊठ,” कांबळे म्हणाले. “बघून येऊ.”