भिंतीच्या अलीकडचे पाणी

सज्जनहो, ज्या माणसाने उभे आयुष्य दुसऱ्यांची घरे कोरडी करण्यात घालवले, त्याची कथा एका ओल्या भिंतीपासूनच सुरू करावी लागते. आठ दिवस मुसळधार पाऊस कोसळत होता, तेव्हा ही भिंत कोरडी ठणठणीत होती. आता आभाळ निवळले, ऊन चटके देऊ लागले, तर ही भिंत घामाघूम! तळघरातल्या त्या भिंतीपुढे कोरडेमामा थापी हातात धरून उभे होते, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही म्हणता काही सुचत नव्हते. पाणी आले कुठून?

कोरडेमामा हे लोकांनी दिलेले नाव. जुन्या घरांच्या पायातली ओल घालवणे हा त्यांचा धंदा; पण धंदा म्हणवत नाही, इतक्या मायेने ते तो करीत. भिंतीला हात लावत तो आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा. त्यांच्या दोन सवयी सर्वांना ठाऊक होत्या. घरात शिरताच भिंतीवरचा थेंब बोटावर घेऊन ते जिभेला लावीत. म्हणत, "मातीतून, चुन्यातून वाट काढत आलेलं पाणी खारट लागतं. भिंत फसवेल, जीभ नाही फसवणार." आणि काम संपवून निघताना उंबऱ्यावर वळून घरच्या बाईला सांगत, "हवा खेळू द्या हो. खिडक्या सताड उघड्या ठेवा." पहिली सवय ही त्यांची परीक्षा, दुसरी हा त्यांचा आशीर्वाद.

हे घर पुस्तके बांधणाऱ्या एका वृद्धाचे. त्याला सगळे बाइंडरभाऊ म्हणत. तळघरात त्याचे कागद कापायचे ओतीव लोखंडाचे यंत्र होते. ते वर न्यावे तर वरच्या लाकडी जमिनीला ते पेलणार नाही. म्हणजे तळघर आहे तोवर भाऊंचे काम आहे. पण तळघरात बुरशी होती, आणि भाऊंना खोकला होता. शेवटी मुलाने, बापावरच्या प्रेमानेच, निक्षून सांगितले होते, "बाबा, महिनाअखेरपर्यंत भिंत कोरडी झाली तर ठीक. नाहीतर तळघरात भराव टाकून वरून काँक्रीट करणार. यंत्र भंगारात गेलं तरी चालेल, तुम्ही राहिले पाहिजेत."

भाऊ नुसते यंत्राचे चाक पुसत राहिले होते.

तेव्हा मामांनी कंबर कसली. थेंब चाखला, खारट! घराच्या बाहेरून पायालगत पुरुषभर खोल चर खणला, दगडांवरची माती ब्रशने घासून काढली, सांधे भरले, डांबरी थर दिला, तळाशी खडी घालून तिच्यात भोकांची नळी टाकली, म्हणजे पाणी भिंतीशी न रेंगाळता उताराने दूर जावे. मग पाऊस आला, आणि आठ दिवस एक टिपूस आत आला नाही. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, भिंतीवर गाल टेकवून पाहिला होता. आनंद घरात मावत नव्हता!

आणि आता हे असे. महिना संपायला नऊ दिवस उरलेले.

"मामा, पाऊस उलटा पडतो की काय हल्ली?" भाऊ खोकत हसले. "पडतो तेव्हा येत नाही, थांबला की येतो."

"थट्टा नका करू भाऊ. माझं डोकं गरगरतंय."

मामांनी थेंब बोटावर घेतला, जिभेवर ठेवला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला.

"अहो, किती पिताय? ग्लास देऊ का?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, याला चवच नाही!"

खारट नाही, म्हणजे ते मातीला शिवलेले नाही. मग नळ फुटला असेल? मामांनी घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा तासभर निरखला; तो जागचा हलला नाही. मोरी पाहिली, पन्हळ पाहिली, चर पुन्हा उकरून नळी पाहिली. सारे ठीक. जमिनीतून नाही, नळातून नाही, आभाळातून नाही; मग आले कुठून? परमेश्वर सर्वत्र आहे हे मामांना मान्य होते, पण पाण्यानेही तसेच असावे हे त्यांना पटेना. ते पायरीवर बसले. आपली जीभ म्हातारी झाली, हाच विचार त्यांना पोखरत होता.

शेवटी त्यांनी भिंतीचा हातभर तुकडा पुसून कोरडा केला, त्यावर प्लास्टिकचा कागद ठेवला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. पाणी भिंतीतून येत असेल तर कागदाच्या मागे साचेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघेही त्या कागदापुढे जमले. कागदाच्या पुढच्या अंगावर दव पडल्यासारखे थेंब होते. मामांनी पट्टी सोलली. मागची भिंत कोरडी, अगदी ठणठणीत कोरडी!

"म्हणजे पाणी भिंतीच्या अलीकडचं आहे," मामा पुटपुटले. "खोलीतलं. पण खोलीत कुठलं पाणी?"

तेवढ्यात वरून गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि त्यांच्या मानेला चिकटली. मामांनी वर पाहिले. तळघराच्या तिन्ही झरोक्यांची दारे सताड उघडी होती.

"वहिनी, ही कधीपासून उघडी?"

"पाऊस थांबला तेव्हापासून. पावसात बंदच होती. आता रोज ऊन वर आलं की उघडते, दिवे लागले की लावते. एक दिवस चुकवला नाही."

"पण का?"

वहिनी गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. "का म्हणजे? तुम्हीच सांगितलंत ना मामा, हवा खेळू द्या म्हणून!"

सज्जनहो, थंड पाण्याचा पेला गरम दिवसात ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. पेला गळत नसतो. हवेतला दमटपणा त्याच्या गार अंगावर पाणी होऊन बसतो. पावसानंतरची ती दमट, तापलेली हवा रोज दुपारी खाली उतरत होती आणि पायाच्या गार दगडाला बिलगत होती. वहिनींनी ती प्रेमाने बोलावली होती, आणि मामांनी ती आशीर्वादाने पाठवली होती.

"म्हणजे यांचा खोकला मीच..." वहिनी झरोक्यांकडे पाहत म्हणाल्या.

"अगं, खोकला तर लग्नाआधीपासूनचा आहे," भाऊ म्हणाले. "तेव्हा कुठे खिडकी उघडत होतीस? आता लाव बघू ती दारं."

दारे लागली. फक्त पहाटेच्या गारव्यात, हवेत पाणी कमी असते तेव्हा, घटकाभर उघडायची, असे ठरले. चौथ्या दिवशी थेंब गेले, सातव्या दिवशी भिंतीचा रंग फिकटला. महिनाअखेरीस मुलगा आला, तळहात भिंतीवर दाबून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि भरावाची गाडी नको म्हणून सांगितले. भाऊंनी यंत्राचे चाक फिरवले. कागदांचा गठ्ठा एका दमात कापला गेला.

वहिनींना मात्र अजून उमगत नाही. बंद खोली सुकते कशी? दुपार झाली की त्यांचा हात आपोआप कडीकडे जातो, आणि खालून हाक येते, "राहू दे गं!"

आणि मामा? थापी घरी ठेवून ते चाळीस वर्षांतली घरे आठवत दारोदार फिरताहेत. कुठल्या घरात भिंत खरोखर गळत होती आणि कुठे आपलाच आशीर्वाद भिंतीवर बसला होता, हे त्यांना आता सांगता येत नाही. ते कडी वाजवतात, थेंब चाखतात, आणि हात जोडून म्हणतात, "ताई, उन्हाच्या वेळी खिडक्या लावून घ्या."

"अहो मामा, उघडा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं!"

"हो," मामा म्हणतात. "मीच सांगितलं होतं."