उकिडव्या बाई

आमच्या बालवाडीत एक बाई होत्या, त्या उभ्यानं कुठल्याच मुलाशी बोलत नसत. पोर कोपऱ्यात रडत असो, नाहीतर कुणाच्या हातातली बाहुली ओढत असो, बाई आधी त्याच्यापर्यंत चालत जायच्या, साडी आवरून त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. दिवसभर ही अशी ऊठबस. गुडघे इतके वाजायचे की मुलं हसायची. बाई म्हणायच्या, "वाजू द्या, तेबी बोलत्यात." उकिडव्या बाई हे नाव मीच ठेवलं. कौतुकानं नव्हे, चेष्टेनं. पुढे पालकही तेच म्हणायला लागले, पण ते मायेनं.

येरवड्यात आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्या आणि पुढचं अंगण, एवढ्यात मी बालवाडी काढली होती. माझं शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, तेही काठावर. पण दोन मुलं वाढवली होती, वाचनालयातून आणून काही पुस्तकं वाचली होती, आणि तोंड चालायचं. आपल्याला बोलता येतं म्हणजे मुलांशी बोलता येतं, असं मी धरूनच चालले होते. मुलं मला मोठ्या बाई म्हणत, पालक काकू म्हणत. बाई खडकवासल्याच्या पलीकडच्या गावच्या. पुण्यात भावाकडे राहून त्यांनी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता. कोर्स केलेल्या त्या आणि पाटी माझ्या नावाची, हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "अहो बाई, खुर्ची देऊ का? की पाटच मांडू तुमच्यासाठी?"

त्या म्हणाल्या, "खुर्चीवरनं बोललेलं लेकराच्या डोक्यावर पडतंय, मोठ्या बाई. कानात नाय जात." आणि पुन्हा खाली बसल्या.

दुसरी सवय थांबण्याची. मुलाला काही विचारलं की बाई अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायच्या, मनातल्या मनात, उत्तर येईपर्यंत. कधी एका हाताची सगळी पेरं संपून दुसऱ्या हातावर यायच्या. मला तो उशीर सोसायचा नाही. "डब्यात काय आणलं रे? पोळीभाजी ना? बटाट्याची ना? आवडते ना?" असं माझं एका दमात. मूल मान हलवून मोकळं व्हायचं. बाई एकदा पेरं मोजता मोजताच मला म्हणाल्या, "तुमीच इचारताय, तुमीच सांगताय. मंग त्यानं घरीच ऱ्हायलं तरी चालंल की." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. किंवा घेतलं असेल, मला कळू दिलं नाही.

तिसरी गोष्ट सुटीच्या वेळची, आणि ही लिहिताना मला फार जड जातंय. बारा वाजता फाटकाशी आयांची, आज्यांची गर्दी व्हायची. मी पायरीवर उभी राहून जाहीर करायची, "अहो, आज याने दोनदा चड्डी ओली केली बरं का." "हिला जरा वळण लावा, आज चावली." सगळ्यांच्या देखत. त्या आयांचे चेहरे मला आज दिसतात, तेव्हा दिसत नव्हते. मी मजेत बोलायची, लोक हसायचे, मला वाटायचं काकू फार मोकळ्या आहेत अशी माझी ख्याती आहे. बाईंची रीत निराळी. मूल हातात देताना त्या प्रत्येक आईला एकच गोष्ट सांगायच्या, हळू आवाजात, डोळ्यांनी पाहिलेली. "आज त्यानं मुंगीला वाट दिली." "आज तिनं तिची चप्पल आपली आपण वळखली." काही बिनसलं असेल तर त्या आईला थांबवून घ्यायच्या, गर्दी गेली की चपलांच्या मांडणीजवळच्या पायरीवर तिच्या शेजारी बसायच्या. म्हणायच्या, "दारात पाहिलेलं सांगावं. ठरवलेलं नाय सांगू."

प्रज्ञा आमच्याकडे जूनमध्ये आली. साडेतीन वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडातून एक अक्षर नाही. मंडळी यवतमाळकडची. वडील हिंजवडीला कंपनीत, सकाळी सहाच्या बसनं जायचे. तिची आईच सोडायला आणि न्यायला यायची. ती सांगायची, "काकू, घरी खूप बोलते हो. कान किटतात." आमच्याकडे मात्र जुलै गेला, गणपती गेले, दिवाळीची सुटी झाली, पोर गप्पच. मी तिच्यामागे हात धुऊन लागले होते. "नाव सांग, चॉकलेट देते." "नाव सांग, मगच झोका." बाईंनी तिला एकदाही काही विचारलं नाही. त्या नुसत्या तिच्या शेजारी बसून ती करेल ते शब्दांत म्हणायच्या. "तांबडा ठोकळा वर गेला. आता हिरवा. हिरवा पडला." एवढंच. मी म्हटलं, "बाई, क्रिकेटची कॉमेंटरी चाललीय का?" त्या म्हणाल्या, "लेकरू गप हाय, रिकामं नाय. ते ऐकतंय."

प्रज्ञाच्या आईनं एक दिवस त्या पायरीवर बसून बाईंजवळ मन मोकळं केलं. मी आत होते, कानावर आलं. पोर शाळेत बोलत नाही हे तिनं यवतमाळला सासूबाईंना कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर पुण्यात राहून पोरीची हेळसांड केली म्हणून तिला गावी आणून ठेवा असा हट्ट सुरू झाला असता. मुख्य अडचण म्हणजे तिची जाऊ याच गल्लीत राहायची आणि जावेचा मुलगा आमच्याच मोठ्या गटात होता. "जाऊबाईंना समजलं की यवतमाळला समजलंच," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडनं नाय जायाचं." माझ्याकडून जाईल, हे माझ्या मनातही नव्हतं. खरंच नव्हतं. पण मनात नव्हतं म्हणून काय झालं.

जानेवारीतली सकाळ. अंगणात मुलांचा पाण्याचा खेळ चालला होता, छोट्या छोट्या बादल्या. बाई प्रज्ञाजवळ उकिडव्या. मी दारात उभी होते, हातात बालवाडीचा फोन, कारण मुलांचे रोजचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. आणि पोरगी बोलली. खाली बघत, बारीक आवाजात, "माझी बादली गळते."

बाईंनी मान वर केली नाही. "गळतीया खरी," त्या म्हणाल्या. "काय करावं आता?" मग त्यांची पेरं. एक हात संपला.

"बोट लाव," प्रज्ञा म्हणाली. बाईंनी भोकावर बोट लावलं.

हे सगळं मी फोनमध्ये घेतलं होतं. मला रडूच आलं. बाईंना विचारायचं, तिच्या आईला विचारायचं, काही सुचलं नाही. तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'सात महिन्यांनी आमची प्रज्ञा बोलली. ऐका.' वर फुलं, हात जोडलेले. दुपारपर्यंत ग्रुपवर टाळ्याच टाळ्या.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सगळ्या तिची वाटच बघत होत्या. "अरे वा, बोलायला लागलीस का ग?" "मावशीला नाव सांग बघू." कोणीतरी खरोखरच टाळ्या वाजवल्या. मीही म्हटलं, "बोल, बोल, घाबरू नकोस." पोरीनं आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. ठोकळ्यांनाही हात लावेना. बाई शेजारी बसल्या की सरकून भिंतीला लागायची. तो व्हिडिओ जावेनं यवतमाळला पाठवला होता, आणि तिथून रोज फोन सुरू झाले होते.

शुक्रवारी तिची आई आली. माझ्यासमोर खुर्चीवर बसली. म्हणाली, "काकू, घरचं सगळं मी बाईंना विश्वासानं सांगितलं होतं. बालवाडीच्या फोनवरून व्हिडिओ आला. तो तुम्ही दोघीही वापरता. कुणी टाकला?"

दार उघडं होतं. बाई अंगणात बादल्या विसळत होत्या. पाण्याचा आवाज थांबला, म्हणजे ऐकत होत्या. आणि मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, मी म्हणाले, "मी बोलते हं त्यांच्याशी."

खोटं असं एक अक्षर नाही त्यात. मी नंतर कितीतरी वेळा हे स्वतःला सांगून पाहिलं. त्या आईनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, उठली, आणि अंगणातून जाताना बाईंकडे न बघता गेली. सोमवारपासून प्रज्ञा यायची बंद झाली.

बाई आत आल्या, हात पुसले. म्हणाल्या, "आज दारात तुमीच उभ्या ऱ्हावा." बस. मीच म्हटलं, "बाई, मी सांगते त्यांना. दोन दिवस जाऊ देत." त्या म्हणाल्या, "नका सांगू. सांगितलं तर दोघींवरचा इश्वास जाईल. आता एकीवरचाच गेलाय." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, हेच मला सहन होत नाही. आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. मोठ्या बाई म्हणवून घेणारी मी, माझ्या हाताखालच्या बाईनं मला झाकून घेतलं आणि मी झाकून घेऊ दिलं.

मे महिन्यात बाईंनी काम सोडलं. गुडघे चालत नाहीत म्हणाल्या. मी साडी दिली, चहा केला, पाच-सहा वाक्यांचं भाषणही केलं. ते एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

पाच वर्षं गेली. बालवाडी बंद केली. मग माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर मी पलंगावर. ज्याच्याशी बोलावं असं कुणी दिवसभर घरात नाही, तेव्हा माणूस स्वतःशी बोलतो, आणि स्वतःला फार वेळ फसवता येत नाही. मी ठरवलं, आधी प्रज्ञाच्या आईला खरं काय ते सांगायचं, आणि मग तोंड घेऊन बाईंच्या गावी जायचं. प्रज्ञाच्या घरची मंडळी वाकडला राहायला गेली होती. पत्ता मिळवला आणि मुलाला म्हटलं, मला सोड.

दार तिच्या आईनं उघडलं. पाणी दिलं. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, व्हिडिओ मी काढला, मी टाकला, बाईंचा त्यात काही दोष नव्हता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "व्हिडिओत बाई समोर बसलेल्या दिसतात, काकू. दोन्ही हात मोकळे. फोन कुणाच्या हातात होता हे समजायला काय लागतं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी त्या दिवशी तुमच्यासमोर बसली होती ना, तर तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती. 'हो, माझ्याकडून झालं' एवढं म्हटलं असतं, तर पोरीला मी काढलं नसतं."

मग तिनं सांगितलं, पोरीला काढलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती बाईंना भेटायला गेली होती. बाईंकडे बघायची त्या दिवशी हिंमत झाली नाही म्हणून माफी मागायला. मग दर रविवारी प्रज्ञाला त्यांच्याकडे न्यायची, आधी भावाच्या घरी, नंतर गावी. तिथे पोर पुन्हा बोलायला लागली. बाईंनी मला यातलं काही कळवलं नाही.

मी म्हटलं, "मी आता त्यांच्याकडेच जाणार आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? बाई संक्रांतीच्या आधीच गेल्या."

तेवढ्यात आतून प्रज्ञा आली, नऊ वर्षांची, केस कापलेले, हातात पट्टी. "आई, या कोण?" तिनं विचारलं. तिच्या आईनं सांगायचं माझ्यावर सोडलं.

मी तिला सांगितलं. की तू लहान असताना पहिल्यांदा बोललीस, आणि तुला न विचारता मी तुझा आवाज सगळ्यांना ऐकवला, आणि कुणी केलं विचारल्यावर गप्प बसले. तिनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डिलीट केलात का?"

"नाही ग. अजून आहे." बालवाडीचाच फोन मी अजून वापरत होते.

"दाखवा."

तिनं दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा फोन अगदी डोळ्यांजवळ धरून, आवाज मोठा करून. बाईंचा आवाज त्या खोलीत आला, गळतीया खरी, काय करावं आता. तिची आई उठून स्वयंपाकघरात गेली.

"आजी, हा आईच्या फोनवर पाठवा," प्रज्ञा म्हणाली. "आणि मग तुमच्यातून काढून टाका."

मी पाठवला. मग तिच्यासमोरच काढून टाकला. कचऱ्याच्या डब्यातूनही काढावा लागतो, ते मला येत नव्हतं, ते तिनंच करून दिलं. माझ्याकडे बाईंचा दुसरा फोटो नाही.