बाल्कनीतली क्रेन

आमचे हे आयुष्यभर मोठ्या जाळीदार बूमची, म्हणजे लांबलचक हाताची, क्रेन चालवून रिटायर झाले आणि आता बाल्कनीत बसून तिचंच छोटं मॉडेल बनवतात. सायकलचे स्पोक जोडून प्रत्येक सांध्याला सोल्डरचा डाग दिला, की त्यावर इतकी हळुवार फुंकर घालतात की माझा नुसता जळफळाट होतो. माझ्या भाजलेल्या बोटावर कधी घातली नाही!

"अहो, जेवायला चला." ऐकूच जात नाही.

साइटवर ते खालून हाताने खुणा करणाऱ्या एकाच इशारेवाल्याचं ऐकत. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही केला तरी पाळायचा, असा नियम. कुणीही म्हणजे बायकोही आलीच. आज मी समोर जाऊन दोन्ही हात आडवे पसरले.

ते जागच्या जागी थांबले. नजर माझ्या हातांवर खिळली होती, चेहऱ्यावर नव्हे. तरी मी हात खाली घेतले नाहीत; निदान माझ्याकडे बघत तरी होते.