उंबरा न ओलांडण्याचा नवस

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, आणि जिल्ह्याबरोबर आपलीही बढती झाली असा समज आमच्या शिरड शहापुरात ज्यांनी ज्यांनी करून घेतला त्यांत मी पहिला. बढती झालेल्या माणसाला शोभेल असं काहीतरी करावं म्हणून मी घरात जाहीर केलं की पोळा झाला की आपण जीपनं फिरायला जाणार. देवाला नाही, लग्नाला नाही, मातीला नाही, कोर्टाच्या तारखेला नाही. नुसतं बघायला.

माझ्या आईनं पुढं येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

जीप माझीच होती. तिच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, म्हणून खरं काय ते सांगून टाकतो. ती फक्त उतारावर चालू व्हायची, हे कबूल. पण एकदा चालू झाली की तिचा आवाज वसमतला ऐकू जायचा आणि तिथले दुकानदार त्यावर घड्याळं लावायचे. हॉर्न वाजत नसे; त्याची कधी गरजच पडली नाही.

बायको तेव्हा नवे मूग पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "कुठं?"

"म्हणशील तिथं."

सूप थांबलं. "मला ढग खाली पाहायचेत," ती म्हणाली. "आपण वर आन् ढग खाली. चिखलदऱ्याला तसं दिसते म्हणतात. आन् एक सांगून ठेवते. वाटंत कुणाच्या चुलीपुढं मी बसणार न्हाई."

हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा अवघड होतं. आमच्याकडं नातेवाइकाच्या गावावरून न थांबता जाणं म्हणजे त्याची बैलजोडी सोडून नेण्यासारखं. थांबलं की पुरुष बाजेवर टेकणार, चहा येणार, पावसापाण्याच्या गोष्टी होणार. बरोबरची बाई मात्र पदर सावरून थेट आत. घरचं माणूस म्हणून तिच्यापुढं परात सरकणार, आणि पाहुणी म्हणून आलेली ती स्वतःसाठीच भाकरी थापत बसणार.

"वाशीमला किती येळा गेले मी तुमच्यासंगं," बायको म्हणाली. "तिथला बालाजी कसा हाय ते मला सांगता येणार न्हाई. आत्याबाईच्या तव्याला भोक कुठं हाय ते विचारा."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागला नाही.

मग ओसरीवर नकाशा मांडला. सुतळीचे रस्ते केले, हळकुंडांचे डोंगर, आणि जिथं नातेवाईक तिथं एक चिंचोका. हिंगोली ते वाशीम टाकेपर्यंत चिंचोके संपले आणि बायकोला शेजारून मागून आणावे लागले. अकोल्याकडून जावं तर मावशी. पुसदकडून जावं तर साडू. मी सुतळी अशी वळवली, तशी वळवली. माझ्या हिशेबानं चुली चुकवून चिखलदऱ्याला जायचं तर दिल्लीवरून जावं लागलं असतं, आणि तिथंही आमच्या चुलत्याच्या मेहुण्याचा पोरगा फौजेत होता. तेवढ्यात शेजारची कोंबडी आली आणि तिनं अख्खा परतवाडा उकरून ठेवला. बायकोनं तो शांतपणे परत जागेवर मांडला. सगळ्या चिंचोक्यांमधून एकच सरळ सुतळी ओढली आणि म्हणाली, "रस्ता असाच राहू द्या. थांबायचं न्हाई, एवढं तुमी बघा."

आराम हे खातं माझ्याकडं होतं. जीपच्या मागच्या भागात मी एकावर एक गाद्या टाकल्या, वर दोन लोड, वर गोधडी. त्या इतक्या झाल्या की बायकोला बसून पाहायला सांगितलं तर तिचं डोकं ताडपत्रीला लागलं, आणि खाली उतरायला शिडी लागली. मग एक गादी काढली. पाण्याचा माठ बांधला, स्टोव्ह घेतला, पत्र्याच्या डब्यात शेव-चिवडा भरला.

डोंगर चढायचा तर सराव हवा, म्हणून एका सकाळी आम्ही औंढ्याजवळच्या टेकडीवर गेलो. विनाकारण टेकडी चढणारं जोडपं त्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. खालून एकानं हाक दिली, "काय हरवलं?"

"काही न्हाई," मी ओरडलो.

"गाय का म्हैस?"

घटकाभरात निम्मी वस्ती झुडपं हुडकत टेकडीवर. आम्ही परोपरीनं सांगितलं, पण इतकं काकुळतीला येऊन नाही म्हणतो म्हणजे दुभतीच असणार, असं त्यांचं ठरलं. दुपारी त्यांनी एक गाय शोधून आणलीसुद्धा. ती कुणाची हे आजतागायत कळलेलं नाही. आमची नाही म्हटलं तर लोक रागावले. शेवटी तिला औंढ्यापर्यंत हाकत आणली आणि बाजाराच्या गर्दीत हळूच तिचा निरोप घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो, तर जीपभोवती बायाच बाया. सरळ सुतळीची बातमी मी स्वतःच हिंगोलीच्या बाजारात, पानटपरीवर आणि एसटीत सांगितली होती. मोठं काम गुपचूप करण्याचा माझा स्वभाव नाही. आणि आमच्या गावात त्या वाटेनं गाडी निघाली की ती रिकामी जात नाही. त्या वाटेवर ज्यांच्या ज्यांच्या लेकी नांदतात, त्यांची त्यांची पिशवी गाडीत चढते. कुणाची हळद, कुणाच्या कुरडया, कुणाचं लिंबाचं लोणचं, एक बाळंतविडा, आणि दोन जिवंत कोंबड्या. माझ्या आईनं स्वतः आत्यासाठी मुगाचं गाठोडं लोडावर ठेवलं.

"न्हाई म्हण की," मी बायकोला हळूच म्हणालो.

ती पिशव्यांकडं बघत होती. "कसं म्हणू? माझी माय पण अशीच कुणाच्या तरी गाडीपाशी उभी राहते."

म्हणजे जितकी गाठोडी, तितके उंबरे, तितक्या चुली. ती गादीवर न बसता पुढं माझ्याशेजारी बसली. हिंगोली मागं पडेपर्यंत खिडकीतून बघत राहिली, जणू एवढंच बघायला मिळणार.

वाशीमला आत्याच्या दारात जीप उभी केली. माझी ही आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिनं बोलावलं आणि माणूस आत गेलं नाही, असं घडलेलं नव्हतं.

"काहून रे, उतरून नाही राहिला?"

"गाडी बंद करता येत न्हाई, आत्या. इथं उतार न्हाई."

"कर बंद. आमची पोरं ढकलतील." आणि बायकोला म्हणाली, "ये माय, आत ये. परात काढूनच ठेवली हाय."

बायकोनं पदर डोक्यावर घेतला आणि पाय खाली टाकला. तो पाय बघून माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

"तिला उतरता येत न्हाई. नवस हाय."

पाय हवेतच राहिला.

"कशाचा?"

"डोंगरावरच्या देवीचा. दर्शन होईस्तोवर कुणाचा उंबरा ओलांडायचा न्हाई."

"कोनती देवी?"

"नाव घ्यायचं न्हाई. नवसातच हाय तसं."

आत्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती माझ्या बायकोकडं बघत होती, बराच वेळ. मग विचारलं, "आन् चुलीला हात?"

बायकोनं पाय वर घेतला. नजर खाली ठेवून, अगदी भाविकपणे म्हणाली, "न्हाई लावायचा, आत्याबाई. माणसानंच करून घालायचं. तसंच हाय."

हे कलम मी सांगितलेलं नव्हतं.

"कडक हाय बाई देवी," आत्या म्हणाली. आत जाऊन ती नारळ घेऊन आली आणि बायकोच्या ओटीत ठेवला. "माझ्याकडून ठेव तिथं. माझं पण ध्यानात ठेव म्हणावं."

आमच्या जीपपेक्षा एसटी जोरात पळते, आणि एसटीपेक्षा नवस. पुढच्या प्रत्येक गावात लेक आधीच दाराबाहेर नारळ घेऊन उभी. पिशवी द्यायची, नारळ घ्यायचा, चाललो. कुणी आत बोलावेना. एका गावात तर सासूनं आमची सावली उंबऱ्यावर पडू नये म्हणून जीप पुढं घ्यायला लावली. बायकोचा चेहरा गावागणिक उजळत होता.

नवस मात्र मला फेडावा लागत होता. मेडशीच्या घाटात, झाडाखाली, मी आयुष्यातलं पहिलं पिठलं केलं. बायको वरच्या टेकाडावर चढून एका दगडावर पाय पसरून बसली आणि तिथून सूचना देत राहिली.

"हलवा की. बुडाला लागून राहिलं."

"तू खाली ये आन् हलव."

"देवी कोपंल."

ते पिठलं आम्ही थोडं खाल्लं, बाकीचं रस्त्यातल्या खड्ड्यात टाकलं. पुढं घाटाचा सगळा डांबरी रस्ता उखडला, पण तेवढा तुकडा अजून शाबूत आहे असं ट्रकवाले सांगतात. पातूरच्या पुढं एक चहावाला लागला. त्याच्या टपरीत गिऱ्हाइकापेक्षा मांजरं जास्त होती आणि प्रत्येक मांजराची वेगळी बशी होती. तिथं बायकोनं बाकावर बसून, दुसऱ्यानं केलेला चहा, दोनदा घेतला.

मुक्काम गाद्यांवरच करत आम्ही चिखलदऱ्याला पोचलो, आणि तिथं काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. पुढचा माणूस दिसेना. मी बोलत होतो ते बायकोशी की दुसऱ्या कुणाच्या बायकोशी, याची खात्री करून घ्यावी लागत होती. ढग खाली नव्हते, वर नव्हते, आम्ही ढगात होतो. कड्याच्या वाटेनं चढून गेलो, एका खडकावर बसलो. मी म्हटलं, चल, असंच असतं इथं, परत जाऊ. पोरं आईपाशी आहेत, उडीद काढायचा आहे.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी बसते."

ती बसली. मग मीही बसलो. दोघंही गारठलो. मी एरवी गप्प बसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बसलो.

मग वारा सुटला. आधी पायाजवळचं गवत दिसलं, मग कडा, आणि मग ते पांढरं सगळं एकदम खाली बसलं, पिंजलेल्या कापसासारखं दरीभर. वर ऊन. डोंगरांचे नुसते माथे वर निघालेले. वाऱ्यानं बायकोच्या डोक्यावरचा पदर उडाला. तिनं तो परत घेतला नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली. मी या ठिकाणी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नव्हती.

शेवटी ती म्हणाली, "हं." आणि थोड्या वेळानं, "च्या ठेवा."

मी स्टोव्ह पेटवला. नारळ तिथंच खडकावर वाढवले, एकेकीचं नाव घेऊन. नवस खोटा असला तरी नारळ खरे होते, असं बायकोचं म्हणणं.

परतताना वाशीमला आत्याला खोबरं दिलं. तिनं ते कपाळाला लावलं, मग जीपच्या दाराशी वाकून बायकोला हळूच विचारलं, "होते का ढग खाली?"

आत्याला ढगांचं कुणी सांगितलं? मग कळलं. त्या भोकाच्या तव्यापुढं बसून माझ्या बायकोनं हे मागेच कधीतरी सांगून ठेवलं होतं. मीच तेवढा बाहेर बाजेवर होतो.

पुढच्या भादव्यात माझ्या अंगणात पुन्हा बायांची गर्दी. हातात पिशव्या नव्हत्या. प्रत्येकीला नवस होता, तोच, तसाच कडक. वाशीमला आत्या रस्त्यावरच उभी होती, नवं लुगडं नेसून, आणि सगळ्यात वरची गादी तिनं घेतली. गावोगाव दारांत पुरुष परातीशी झटापट करताना दिसले. गाडी माझी, स्टोव्ह माझा, पिठलं माझं. ते आता पातळ होऊ लागलं होतं.

असं बरीच वर्षं चाललं. एकदा घाटात कांदा चिरता चिरता मी म्हटलं की देवी आता बहुतेक शांत झाली असावी.

"न्हाई रे बाबा," आत्या गादीवरून म्हणाली. "अजून लई डोंगर राह्यलेत तिचे. मीठ बघून टाक."