गवंड्याचा डोस

दवाखान्यात तिला सगळे गणितबाई म्हणायचे. औषधांच्या कोठाराला लागून तिची अरुंद खोली होती. एक खिडकी, एक संगणक. तिचं काम नेमकं काय, हे तिच्या सासूलाही धड सांगता येत नसे. "गोळ्या मोजते," म्हातारी शेजारणींना सांगून मोकळी व्हायची.

काम मात्र नाजूक. एकच अँटिबायोटिक कुणाच्या अंगात दिवसभर रेंगाळतं, कुणाची किडनी ते बघता बघता धुऊन टाकते. वय, वजन, रक्ताचे आकडे घेऊन ती समीकरणं मांडायची, की पडद्यावर रक्तातल्या औषधाची एक रेघ चढायची, उतरायची. रेघ फार खाली गेली की जंतू डोकं वर काढणार; फार वर गेली की औषधच बाधणार. शिंप्याची लेक ती. तयार कपडे सगळ्यांना बसत नाहीत, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

परांचीवरून पडलेला एक तरणाबांड गवंडी वॉर्डात होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या पायाच्या जखमेत पू. ताप हटेना. जखम सुधारली नाही तर पाय काढावा लागणार होता. गणितबाईची रेघ सांगत होती, याच्या दणकट किडन्यांपुढं औषध टिकत नाही, डोस वाढवा. आधी रक्तातलं औषध मोजायचं ठरलं.

अहवाल घेऊन मोठे डॉक्टर स्वतःच आले.

"बाई, तुमची रेघ जमिनीवर अन् हा आकडा आभाळात! डोस कमी करतोय मी."

"तासभर थांबा, सर."

"तासभरच."

तिनं समीकरणं उलटसुलट तपासली. चूक सापडेना. आपलंच चुकलं असेल तर? मग ती उठली आणि वॉर्डात गेली.

गवंड्याची बायको उशाशी बसली होती. "तुम्हीच ना त्या हिशेबवाल्या? पाय राहील ना हो, ताई?"

गणितबाईची नजर गवंड्याच्या हातांवर गेली. एक प्लास्टरमध्ये, दुसऱ्याला सलाईन.

"सिस्टर, रक्त कुठून घेतलंत?"

"याच नळीतून. पुन्हा कशाला टोचायचं बिचाऱ्याला?"

"अहो, औषध जातं त्याच नळीतून! ते रक्तात मिसळून आलं."

सिस्टरचा चेहरा उतरला. "अगं बाई! मायेपोटी केलं मी."

"कळतंय ते. डॉक्टरांशी मी बोलते. आता धड पायातून घ्या."

गवंडी तापातच पुटपुटला, "घ्या. तेवढा एकच सुटला होता तुमच्या हातून."

नव्या अहवालात औषध नावालाच होतं. रेघेनं सांगितलं होतं त्याहूनही कमी. "वाढवा," डॉक्टर म्हणाले, "आणि मला रोज रेघ दाखवा."

ताप हळूहळू उतरला, पू आटला. पट्टी सोडून सर्जन म्हणाले, "पाय राहतोय." बायकोनं पदरात तोंड लपवलं.

पुढं गणितबाई डोस उतरवायला आली, तेव्हा तीच बायको आडवी आली. "कमी का करता, ताई? भारी औषधानंच तर वाचला!"

"आता त्याचं अंग निवलंय. तापात किडन्या औषध भराभर धुवायच्या, आता ते जास्त वेळ टिकतं. तेवढंच दिलं तर किडनीला बाधेल."

"नक्की?"

गणितबाईनं स्टूल ओढलं, तिच्याशेजारी बसली आणि कागदावर ती रेघ काढू लागली.