माझी नात इलेक्ट्रिशियन आहे

माझ्या नातीने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलेले नाही. तिने सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आणि आज ती हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचे काम करते. एवढे साधे वाक्य लिहायला मला फार उशीर झाला. धारवाडातल्या बऱ्याच मराठी घरांत आजही ती इंजिनिअर आहे असेच समजतात. तो समज माझ्यामुळे पसरला.

मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. आमच्या घराण्यात मास्तर, वकील, कचेरीतले लोक. हाताला ग्रीस लागलेले कुणी नाही. नात पीयूसीला, म्हणजे बारावीला, सायन्समध्ये चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा पुढचे ठरलेलेच आहे असे आम्ही धरून चाललो होतो. तिने तसे धरले नव्हते. त्या सुट्टीत ती एकटीच हिंडून आली. तारिहाळला शिफ्ट सुटताना कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून बाहेर येणाऱ्यांना विचारले, तुम्ही काय शिकलात, इथे कसे लागलात. जुन्या हुबळीत मोटर वाइंडिंगच्या दुकानात दोन दुपारी बसली. इंजिनिअरिंग करून बंगळुरात कर्जाच्या स्कीमा विकणाऱ्या आपल्या मावसभावाशी फोनवर बोलली.

“तुला तिथे कुणी काही म्हणालं नाही?” मी विचारले.

“म्हणाले की. वॉचमन म्हणाला, यव्वा, अप्पाचा डबा आणलीस काय?”

मग जेवणाच्या टेबलावर तिने मला सगळे समजावले. चार वर्षे आणि खाजगी कॉलेजची फी एका बाजूला, दोन वर्षे आणि जवळजवळ फुकट शिक्षण दुसऱ्या बाजूला. डिग्रीवाल्याला पुढे जास्त पगार मिळू शकतो, हेही तिने लपवले नाही. “पण अज्जा, मला हाताने काम करायला आवडतं. चार वर्षं घालवून मी अशा खुर्चीत बसेन, जिथे मला हात लावूच देणार नाहीत.”

“आणि लग्नाच्या वेळी काय सांगायचं?”

“सांगा, हिच्या घरी फ्यूज उडाला तर माणूस बोलवावा लागत नाही.”

माझा मुलगा हसला, सून हसली. मीही हसलो. हिशेबात मला चूक सापडली नव्हती. आयुष्यभर मुलांची गणिते तपासली, पण इतका स्वच्छ विचार करून आपला रस्ता निवडणारे मूल मी क्वचितच पाहिले असेल. त्याच वेळी मला लाजही वाटत होती.

आमच्या मराठी मंडळात दरवर्षी गुणवंत मुलांचा सत्कार होतो. मुलाचे नाव, मार्क, आणि तो पुढे काय करणार हे माईकवर वाचतात. ही पद्धत मीच सुरू केली आणि वाचायचोही मीच. या ‘पुढे काय’ वर टाळ्या पडतात, आणि त्या सारख्या पडत नाहीत. मेडिकल म्हटले की सभागृह दणाणते, इंजिनिअरिंगला त्याच्या खालोखाल, बी.कॉम.ला शिष्टाचारापुरत्या. नातीची पाळी आली. समोर माझे जुने सहकारी, व्याही, शेजारी बसलेले. मी म्हणालो, “पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग.” टाळ्या पडल्या. नारळ आणि पेन हातात घेऊन ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिले.

घरी येताना ती म्हणाली, “अज्जा, तुम्हाला वाटतंय, तुम्ही मला वर चढवलंत. मला ढकलून दिल्यासारखं वाटलं.”

“मी सांगेन सगळ्यांना.”

“सांगा.”

मी सांगितले नाही. तिने पुन्हा आठवणही करून दिली नाही.

एवढ्यावर हे थांबले असते तर ती आमच्या घरातली गोष्ट राहिली असती. पण त्या दिवशी शेवटच्या रांगेत अळनावरजवळच्या खेड्यातला एक गवंडी बसला होता. आमच्या घरावरची खोली त्यानेच बांधली होती. त्याच्या मुलीचाही त्याच वर्षी पीयूसीसाठी सत्कार झाला होता. थोड्या दिवसांनी तो घरी आला.

“मास्तर, तुमच्या नातीला जिकडं घातलासा, तिकडंच माझ्या पोरीला घालतो.”

“अहो, खर्चाचं काम आहे ते.”

“अळनावरला घरासाठी एक जागा घेऊन ठेवलीया. ती इकतो. तुमी गणिताचं मास्तर. हिशेब केल्याबिगर तुमी घालणार न्हाई.”

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. नात आयटीआयला आहे, इतकेच. मी म्हणालो, “बघा, विचार करून ठरवा.” त्याने विचार केला तो माझ्या शब्दावर. जागा विकली आणि मुलीला एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात घातले.

वर्षानंतर तो मुलीला घेऊन आला. मुलगी बऱ्याच विषयांत नापास झाली होती आणि आता जायचे नाही म्हणत होती. दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली होती.

“तुमच्या नातीला जरा हिला धीर द्यायला सांगा, मास्तर. तीबी त्येच शिकतीया न्हवं?”

“येईलच ती आता,” मी म्हणालो, आणि तिला फाटकातच कसे थांबवावे याचा विचार करू लागलो. अजूनही माझ्या मनात तेच होते, हे लिहून ठेवायला हवे.

ती आली. अंगात आयटीआयचा निळा शर्ट, खिशात टेस्टर.

“अक्का, तुमच्या कॉलेजात ड्रेस असतो?” मुलीने विचारले.

नातीने एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या वडिलांकडे पाहिले. सगळे तिच्या लक्षात आले. “अज्जा,” ती म्हणाली, “तुम्ही सांगताय की मी?”

मी सांगितले. गवंडी म्हणाला, “तुमच्या वरच्या खोलीची भिंत ओळंब्यात सरळ नसती, तर तुमी पाडाय लावली असती मला. मी निमूट पाडली असती.”

नात मुलीशेजारी जाऊन बसली. ती आपली बाजू मांडेल, आयटीआयची तारीफ करेल असे मला वाटले होते.

“स्वस्त आहे म्हणून येऊ नकोस,” ती म्हणाली. “दोन वर्षं शिकायचं, मग अप्रेंटिस. तेव्हा स्टायपेंड मिळतो, तो बसभाड्याला आणि डब्यालाच जातो. पहिला पगार ऐकून तुझ्या मावश्या हसतील. चांगला इंजिनिअर माझ्यापेक्षा जास्त मिळवेल, खोटं कशाला सांगू? आणि वर्कशॉपमध्ये सुरुवातीला मुलं मला वायरला हात लावू द्यायची नाहीत. तू मुलगी, तू रीडिंग लिहून घे, म्हणायची.”

“मग?”

“मग मी पेन त्यांच्या खिशाला लावला आणि पक्कड काढून घेतली.”

मुलगी पहिल्यांदा हसली.

“काम मात्र इथल्या इथे मिळतं. कारखाना नाही तर वायरिंग, नाही तर शेतातल्या मोटरी. नंतर वाटलं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. पण तुला इंजिनिअरिंग आवडत असेल तर सोडू नकोस. राहिलेले विषय सुटतात. अज्जा शिकवतील. त्यांना शिकवावंच लागेल.”

“आवडतंय का, तेच कळंना,” मुलगी म्हणाली. “सगळी म्हणाली म्हणून गेले.”

“मग उद्या माझ्याबरोबर वर्कशॉपला ये. दिवसभर बस. संध्याकाळी ठरव.”

मुलगी गेली. संध्याकाळी आली ती बोटाला पट्टी बांधून, आणि जिन्यातला एकच दिवा वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही स्विचांनी कसा लागतो हे बापाला हातवारे करून सांगू लागली. दुसऱ्या वर्षाची फी भरली नाही. तिने आयटीआयला अर्ज केला. गेलेले वर्ष आणि गेलेली जागा परत मिळण्यासारखी नव्हती. मी भरपाईची गोष्ट काढली तेव्हा गवंडी म्हणाला, “तुमचं पैसं नको मला.”

नात आता कारखान्यात पक्की झाली आहे. मशिन बंद पडले की आधी तिला हाक मारतात, असे तिचा एक सहकारी मला रायापूरच्या बसस्टॉपवर सांगत होता. तिने स्वतः कधी सांगितले नाही. तिच्या निवडीचे सोने झाले म्हणून मी तिचे कौतुक करत नाही. दुसऱ्या मुलीपुढे आपला रस्ता तिने होता तसा मांडला, खाचखळग्यांसकट. मी तिचा आजोबा, जन्मभर सल्ले देत आलो, पण असा सल्ला मला एकदाही देता आला नाही.

परवा मंडळातल्या एका गृहस्थांनी विचारले, “तुमच्या नातीचं कॉलेज कुठलं हो? आमच्या मुलासाठी हवंय.” मी त्यांना खरे सांगितले. त्यांनी विषय बदलला. पण ज्यांनी विचारले नाही आणि मनात धरून ठेवले, त्यांच्यापर्यंत कसे पोचणार? म्हणून हे लिहिले.

गवंड्याची मुलगी आता अप्रेंटिस आहे. रविवारी आमच्याकडे येते, दोघी वर बसून तासन्तास बोलतात, भांडतातही. संध्याकाळी तिला न्यायला बाप येतो. तो आत येत नाही, फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून राहतो. मी चहाचा कप घेऊन बाहेर जातो. तो कधी घेतो, कधी नको म्हणतो. गेल्या रविवारी त्याने घेतला, आणि मी शेजारी उभा असताना, मुलगी खाली येईपर्यंत, रस्त्याकडे बघत सावकाश प्यायला.